दोनाताईंचे चौदा सेकंद

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. अठ्ठावीस वर्षं शिक्षकी केली, त्यातले कितीतरी मार्च महिने परीक्षा केंद्रांवर पर्यवेक्षक म्हणून गेले. वर्गात पाऊल टाकलं की कोणत्या बाकावर काय शिजतंय ते मला कळायचं. नवरा म्हणतो, ज्योत्स्ना, तू पोलिसात जायला हवं होतंस. मी म्हणते, पोलिसांवर तरी माझा कुठं विश्वास आहे?

त्यामुळे त्या सोमवारी आमच्या केंद्राचे संचालक वाघचौरे सर यांनी मला खोलीत बोलावून एक पत्र पुढं सरकवलं, तेव्हा ते खोटं असणार, असंच मी धरून चालले.

आमचं केंद्र नाशिक रोडला आहे. नववीच्या अभ्यासक्रमात वंशसंहार हा विषय आला, त्याला आता नऊ वर्षं झाली. तो कसा शिकवायचा, हे शिकायला राज्यभरातले इतिहासाचे शिक्षक आमच्याकडे पाच-पाच दिवस येऊन राहतात. नुसते आकडे सांगून भागत नाही. आठ लाख काय नि साठ लाख काय, चौदा वर्षांच्या मुलाला दोन्ही सारखेच. ते जांभई देतं आणि खिडकीबाहेर बघतं. पण त्यातून वाचलेलं एक माणूस समोर बसून ‘माझी आई’ असं म्हणालं, की वर्ग ऐकायला लागतो.

आमच्याकडे असं एक माणूस होतं. दोनाताई, म्हणजे डोनातिल उवामारिया-भालेराव. जन्म रवांडाचा. १९९४ साली तिथं तुत्सी लोकांचा संहार झाला तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. विसाव्या वर्षी नर्सिंग शिकायला पुण्यात आल्या, नाशिकच्या भालेरावांशी लग्न केलं आणि तीस वर्षं इथल्या एका दवाखान्यात नोकरी केली. निम्म्या नाशिक रोडला त्यांनी इंजेक्शन दिलेलं आहे. मराठी तुमच्या-माझ्यासारखं, फक्त ‘ळ’ अजूनही त्यांना चकवतो.

गावोगावी जाऊन तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं त्यांना झेपेना. म्हणून आठ वर्षांपूर्वी आम्ही त्यांना नऊ दिवस एका बंद खोलीत, चोवीस कॅमेऱ्यांच्या मध्ये बसवलं. समोर मी. एकोणीसशे प्रश्न विचारले. त्यातून ‘बोलकी साक्ष’ तयार झाली. आता सभागृहातल्या रिकाम्या खुर्चीवर प्रकाशाची दोनाताई बसते, निळी साडी नेसून, चष्मा लावून. शिक्षक प्रश्न विचारतो, यंत्र त्या प्रश्नाचा अर्थ लावतं, साठवलेल्या उत्तरांतलं सगळ्यात जवळचं उत्तर शोधतं आणि ती ते देते. अगदी नेमकं सापडलं नाही तर दोन-तीन उत्तरांतली वाक्यं बेमालूम सांधतं. मात्र पदरचा एक शब्दही घालायचा नाही, असा करार होता. त्या करारावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

पत्र रवांडातून आलं होतं, सोलांज नावाच्या एका शिक्षिकेकडून. तिनं लिहिलं होतं, ‘गेल्या महिन्यात दोन देशांच्या शिक्षकांचं एकत्र सत्र झालं, त्यात मी तुमची साक्ष भाषांतरासह ऐकली. त्यातल्या बाई म्हणतात, त्यांची आई आणि भाऊ लपलेली जागा वेनान्सीनं दाखवून दिली. वेनान्सी माझी आजी. तिनं त्यांना लपवलं होतं. जीव वाचवणाऱ्यांच्या नावांचा फलक आमच्या गावात आहे, त्यावर तिचं नाव आहे. सत्र ऐकलेले लोक आता विचारतायत, हे नाव ठेवायचं का. एकवीस तारखेला गावाची बैठक आहे.’

आज आठ तारीख होती.

“दोनच शक्यता,” वाघचौरे सर म्हणाले. “हे पत्र खोटं, नाहीतर दोनाताई...”

“पत्रच खोटं असणार,” मी म्हणाले. संहार झालाच नाही असं म्हणणारी टोळकी जगभर आहेत, आणि ती अशाच एखाद्या फटीच्या शोधात असतात. एक चूक सापडली की सगळंच खोटं म्हणायला मोकळी.

“तेच असू दे रे देवा,” सर म्हणाले. “पण आधी यंत्र काय म्हणतंय ते ऐका.”

दिवाळीपासून ती सत्रं नवे प्रशिक्षक घेत होते, त्यामुळे मी बऱ्याच महिन्यांनी तिच्यासमोर बसले. तिच्या, म्हणजे सभागृहातल्या दोनाताईच्या. घरातल्या दोनाताईंना मी अहोजाहो करते, हिला कधी करावंसं वाटलं नाही. मी विचारलं, “तुम्ही कुठं लपला आहात, हे त्यांना कसं कळलं?”

“शेजाऱ्यांनी सांगितलं,” ती लगेच म्हणाली. “आमच्या शेजारच्या वेनान्सीनं.”

मी तोच प्रश्न चार वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला. चारही वेळा वेनान्सी. वर तिच्या चेहऱ्यावर असा शांत ठामपणा, की कोणत्याही न्यायाधीशानं वेनान्सीला आत टाकलं असतं.

पत्र खरं निघालं, आणि मला बरं वाटलं नाही.

पुढचा संशय ओघानंच फरीदावर गेला. फरीदा तांबोळी आमच्या केंद्राची यंत्रणा सांभाळते. बेचाळीस वर्षांची, जिभेला धार. तिच्या खोलीत जाऊन मी दार लावून घेतलं, तशी ती हसली.

“दार लावलंत म्हणजे आज माझी चौकशी आहे वाटतं?”

“फरीदा, साक्षीत कुणी मसाला टाकलाय का? शिक्षकांच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून?”

तिचं हसू गेलं. “मॅडम, नऊ वर्षं एका डब्यात जेवतोय आपण. मसाला टाकायचा असता तर आधी तुमच्या भाजीत टाकला असता. यंत्र काय बोललं त्याची नोंद असते. कशावरून बोललं त्याचीही असते. पण मूळ चित्रीकरण मुंबईच्या साठवणीत आहे. परवानगी मागवते. गुरुवारपर्यंत येईल.”

गुरुवारपर्यंत मला धीर निघाला असता तर हे सगळं मला सांगावंही लागलं नसतं. मंगळवारी दुपारी मी दोनाताईंकडे गेले.

त्यांनी नेहमीप्रमाणे जेवायला बसवलं. राजमा आणि कच्ची केळी, तिकडच्या पद्धतीनं एकत्र शिजवलेली. वर आपला काळा मसाला, कारण त्याशिवाय भालेरावांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. भालेराव जाऊन चार वर्षं झाली, मसाला राहिला. मी दोन घास खाल्ले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “वेनान्सीबाई स्वभावानं कशा होत्या हो?”

“चांगल्या. रागीट. का?”

“तसं नाही. त्यांचं आणि तुमच्या घरचं कधी वाजलं वगैरे होतं का? जमिनीवरून, गुरांवरून?”

दोनाताईंनी हातातली पळी खाली ठेवली. “खैरनार बाई, तुम्ही पोलिसासारखं का विचारताय?”

मग मला सांगावंच लागलं. पत्र, बैठक, फलक, सगळं. यंत्रातली आपली छबी दोनाताईंनी कधीच पाहिली नव्हती. स्वतःला आई गमावल्याचं सांगताना बघून मला काय करायचंय, असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. आता त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

“मी असं म्हणाले? वेनान्सीनं?”

“तुम्ही म्हणाला नाहीत ना?” मी विचारलं.

हा प्रश्न तोंडातून निघायला नको होता. आठ वर्षांची मैत्री, त्यांच्या नवऱ्याच्या आजारपणात मी दवाखान्यात डबे नेले होते, माझ्या मुलीच्या बाळंतपणात त्या चाळीस दिवस रोज आल्या होत्या. आणि कॉपी करणाऱ्या पोराला विचारावं तसं मी त्यांना विचारलं.

“तुम्हाला विचारावं लागतंय,” त्या म्हणाल्या. त्यांनी माझं ताट उचललं. त्यात अजून अर्धी भाजी होती. “जा तुम्ही आता.”

जिना उतरताना मला स्वतःची लाज वाटत होती. पण खरं सांगायचं तर शंका गेली नव्हती. माणसं विसरतात, बदलतात, जुना राग नव्यानं उकरून काढतात. कुणास ठाऊक, असं मनात येतच होतं.

गुरुवारी फरीदानं मूळ चित्रीकरण लावलं. पाचवा दिवस, दुपारचं सत्र. पडद्यावर आठ वर्षांनी तरुण दोनाताई. कॅमेऱ्यामागून माझा आवाज आला, “तुम्ही कुठं लपला आहात, हे त्यांना कसं कळलं?”

दोनाताई गप्प. त्यांनी एकदा माझ्या हाताकडे पाहिलं, मग जमिनीकडे. खालचा आकडा सरकत होता. चौदा सेकंद झाल्यावर त्या म्हणाल्या, “पुढं विचारा.”

बस. शेजाऱ्यांचं नाव नाही, वेनान्सीचं तर नाहीच. वेनान्सी आली होती ती दुसऱ्याच दिवशीच्या उत्तरात: ‘आमच्या शेजारी वेनान्सी राहायच्या, त्यांनी आम्हाला लपवलं.’

“मग यंत्रानं हे आणलं कुठून?” मी विचारलं.

“सांगते. पण चिडायचं नाही.” फरीदानं खुर्ची माझ्याकडे वळवली. “हे यंत्र वापरातून शिकतं. सुरुवातीला ते गावांची नावं चुकायचं, प्रश्न भलताच समजायचं. म्हणून ठरलं की इतर कुणी बोललं तर ते सोडून द्यायचं, पण शिक्षकानं काही दुरुस्त केलं तर ते खरं धरायचं. शिक्षक म्हणजे विश्वासू माणूस. बरोबर?”

“बरोबर.”

“आता यंत्राला शांतता कळत नाही. त्याच्या लेखी तीन सेकंदांपुढची शांतता म्हणजे उत्तर अडकलं. आणि अडकलेल्या जागी समोरच्या विश्वासू माणसानं शब्द दिला, तर त्याला वाटतं, अरे, हा शब्द मला यायला हवा होता. एकदा दिला तर ते लक्ष देत नाही. शंभरदा दिला तर लक्षात ठेवतं. हजारदा दिला तर बोलतं.”

“पण शब्द दिला कुणी?”

फरीदानं एक नोंद लावली. सभागृहातला आवाज, खोकला, खुर्च्या. एका शिक्षकानं तोच प्रश्न विचारला. मग शांतता. एक, दोन, तीन, चार. आणि मग एका बाईचा आवाज, प्रेमळ, जरासा सुरावर चढवलेला: “शेजा...?” आणि चाळीस शिक्षक एका सुरात: “ऱ्यांनी!”

तो आवाज माझा होता.

हे शिक्षकांशिवाय कुणाला कळायचं नाही. पाण्याची वाफ होते, त्याला काय म्हणतात? बाष्पी...? आणि वर्ग ओरडतो, भवन! निम्मा शब्द आपण द्यायचा, निम्मा मुलांकडून घ्यायचा. मूल अडखळलं की पुढचा शब्द पुरवायचा. त्यात साहेब मागच्या बाकावर तपासणीला बसलेले असले, तर मग पाच सेकंदांची शांतताही आपल्याला सोसत नाही. कपाळावर घाम येतो. डी.एड.ला हे कुणी शिकवत नाही, आपोआप लागतं, आणि निवृत्तीनंतरही जात नाही. माझी सासू अजून देवळात कीर्तनकाराला शब्द पुरवते, तीही मास्तरीण होती.

“किती वेळा?” मी विचारलं.

“अकराशे चाळीस सत्रं. त्यातल्या नऊशे बारा सत्रांत त्या चौदा सेकंदांत कुणी ना कुणी काहीतरी बोललंय. पहिली वीस सत्रं तुमचीच आहेत. पुढच्यांनी बहुतेक तुमचं बघून उचललं असणार.” तिनं कागद पुढं केला. “सगळ्यात जास्त वेळा ‘शेजाऱ्यांनी’. मग नातेवाईक, नोकर, दुकानदार, रेडिओ, सैनिक, पाद्री. यादी मोठी आहे.”

“आणि वेनान्सी?”

“शिक्षकांच्या अभिप्रायात तक्रार होती, उत्तरं मोघम आहेत, नावं सांगितली तर मुलांच्या लक्षात राहतात. दिवाळीत नवी आवृत्ती आली, तिच्यात यंत्राला नेमकं बोलायला सांगितलं. त्याच्याकडे शेजारी म्हणून एकच नाव होतं.” फरीदा थांबली. “मॅडम, मी हे आधी बघायला हवं होतं. उत्तर लवकर येतंय म्हणून मीही खूश होते.”

कुणावर चिडायचं हेच मला कळेना. चार दिवस मी सगळ्या जगावर संशय घेत फिरले होते, आणि चोर माझ्याच घशात बसला होता.

वाघचौरे सरांनी सगळं ऐकून सुटकेचा श्वास सोडला. “म्हणजे सोपं आहे. नाव काढून टाका. ‘शेजाऱ्यांनी’ काढा. ‘कुणीतरी सांगितलं’ असं घाला.”

“तेही त्या म्हणालेल्या नाहीत, सर.”

“मग शांतता परत घाला.”

“आणि सोलांजला काय लिहायचं? की आमचं यंत्र आता गप्प बसतंय? गावात एकदा नाव निघालंय. गप्प बसलं तर लोक म्हणतील, दडपलं. वेनान्सी नव्हती, एवढं तरी कुणाला तरी तोंडानं सांगावं लागेल.”

“म्हणजे दोनाताईंना.”

“म्हणजे दोनाताईंना,” मी म्हणाले. “आणि त्या मला दारात उभं करणार नाहीत.”

शनिवारी सकाळी मी गेले. दार उघडलं, पण त्या दारातच उभ्या राहिल्या. चहाचं विचारलं नाही. मी सगळं सांगितलं, काहीही न झाकता. शेवटी म्हणाले, “माझं चुकलं, दोनाताई. तुमच्यावर शंका घेतली ते एक, आणि तुमच्या तोंडात शब्द घातला ते दुसरं. दुसरं जास्त चुकलं.”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मीही नाही. दात ओठांवर घट्ट दाबून उभी राहिले. तसं करावं लागलं, एवढंच सांगते.

“आत या,” त्या म्हणाल्या.

त्यांनी मला बसायला सांगितलं, स्वतः उभ्याच राहिल्या.

“शाळेत आमच्या बाई दर सत्राला आम्हाला वेगळं उभं करायच्या. तुत्सी कोण कोण, उभे राहा. यादीत खूण करायची असायची. वरून मागायचे. बाई वाईट नव्हत्या हो. माझं अक्षर चांगलं, म्हणून फळ्यावर तारीख लिहायला मलाच सांगायच्या. मला त्या फार आवडायच्या.

“एप्रिलात सगळं सुरू झालं तेव्हा शाळेला सुट्टी होती. आई, मी आणि धाकटा भाऊ वेनान्सीच्या घरामागच्या कणगीत लपलो. तिसऱ्या दिवशी पाणी संपलं. वेनान्सीच्या घरावर लोकांची नजर होती, तिला दिवसातून दोनदा झऱ्यावर जाता येईना. तिनं मला आपल्या भाचीचा झगा घातला, हातात कॅन दिला, म्हणाली, कुणी विचारलं तर तोंड उघडायचं नाही. मी गेले. झऱ्यावर बाई भेटल्या. हातात वही. म्हणाल्या, डोनातिल, मला काळजी वाटते गं, आई कुठं आहे तुझी?”

दोनाताईंचे हात पाठीमागे गेले होते. त्यांना ते कळलंही नसावं.

“आम्हाला शिकवलेलं होतं. बाईंनी विचारलं की सरळ उभं राहायचं आणि पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं. मी कॅन खाली ठेवला. सरळ उभी राहिले. म्हटलं, बाई, माझी आई आणि माझा भाऊ वेनान्सीच्या घरामागच्या कणगीत आहेत. बाई म्हणाल्या, शाबास.”

मी खुर्चीचा हात धरला.

“मी परत निघेपर्यंत माणसं तिथं पोचली होती. वेनान्सीला त्यांनी मारलं, तरी ती सुटून माझ्या वाटेवर आली. केळीच्या बागेत मला खाली दाबून धरलं, तोंडावर हात ठेवून. मग सहा आठवडे मी तिच्या पलंगाखाली. तिला मी कधी सांगितलं नाही की मी सांगितलं होतं. मरेपर्यंत तिला वाटायचं, कुणी शेजाऱ्यानं पाहिलं असेल.”

“त्या दिवशी, चित्रीकरणाच्या वेळी...” मी सुरुवात केली.

“तुमच्या हातात वही होती,” त्या म्हणाल्या. “आणि पुढं बघणारे सगळे शिक्षक असणार होते. त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं? आणि माझं मी तरी कसं सांगायचं? म्हणून म्हटलं, पुढं विचारा.”

पर्समध्ये फरीदाचा कागद होता. घरी आल्यावर मी तो पुन्हा वाचला. नऊशे बारा सत्रं, सदतीस वेगवेगळी उत्तरं. शेजारी, नोकर, दुकानदार, भटके, दारुडे, सैनिक, अगदी ‘पोपट’सुद्धा, कुणीतरी गंमत केली असावी. शिक्षक किंवा शिक्षिका असं एकानंही म्हटलेलं नव्हतं.

दोनाताईंनी ठरवायला पाच दिवस घेतले. मी फोन केला नाही. गुरुवारी त्यांचाच आला. “उद्या येते. यंत्र नको. माझी मी बोलेन. त्या मुलीला पडद्यावर बोलवा.”

शुक्रवार, एकोणीस तारीख. त्या आठवड्याची तुकडी नंदुरबार-धुळ्याकडची होती, चाळीस जण. समोरच्या पडद्यावर सोलांज, कानात भाषांतराचं यंत्र घालून, तिच्या शाळेच्या खोलीत बसलेली. प्रकाशाची खुर्ची आम्ही बाजूला काढली होती आणि साधी लाकडी ठेवली होती. दोनाताई तिच्यावर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. फरीदानं एकच कॅमेरा लावला.

त्यांनी मला सांगितलं होतं तेच सांगितलं, तितक्याच शब्दांत. मध्ये दोनदा थांबल्या. पहिल्या वेळी मागच्या रांगेतल्या एका बाईंचं तोंड उघडलं, मी त्यांच्याकडे बघितलं, ते मिटलं.

सांगून झाल्यावर सोलांजनं चष्मा काढून डोळे पुसले. “हे मी बैठकीत लावू का?” तिनं विचारलं.

“लाव,” दोनाताई म्हणाल्या. “माझ्या तोंडून लाव. वेनान्सीचं नाव कुणी पुसता कामा नये.”

पडदा बंद झाला. माझं काम झालं होतं, निदान मला तसं वाटलं. मी तुकडीला म्हटलं, काही विचारायचं असेल तर विचारा. शिंदखेड्याचे एक सर उठले. सरळ, सज्जन माणूस, आवाज भरून आलेला.

“ताई, पण त्या शिक्षिकेवर वरून दबाव असेल ना? तिला तरी कुठं माहीत असणार पुढं काय होणार ते?”

मला राग आला, कारण मीही पाच दिवस स्वतःशी हेच म्हणत होते.

“असेल,” दोनाताई म्हणाल्या. “यादी वरूनच मागितलेली होती. आधी नुसतीच मागितली. वर्षं गेली, मग वापरली.”

मग खिडकीजवळ बसलेल्या उज्ज्वला पाडवी उठल्या. नवापूरकडच्या एका आश्रमशाळेत शिकवतात, चार दिवसांत एक शब्द बोलल्या नव्हत्या.

“मॅडम, यंदा आम्हालाही एक अर्ज आला होता. कुटुंब माहिती पत्रक. मुलांच्या घरी कोण कोण राहतं, ते कुठून आलंय, घरात कोणती भाषा बोलतात, पाहुणे म्हणून कुणी जास्त दिवस आहे का.” त्या दोनाताईंशी बोलत होत्या, पण बघत माझ्याकडे होत्या. “घरचे नीट सांगत नाहीत, म्हणून मुलांकडून भरून घ्यायचा होता. मी भरला. सत्तावन्न मुलांचा. एका मुलीनं सांगितलं, घरी मावशी आहे, पण सांगू नको म्हणालेत. मी तेही लिहिलं.”

“कुणी भरायला सांगितला?” दोनाताईंनी विचारलं.

पाडवीबाईंनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझी भीड पडली होती.

“मी,” मी म्हणाले. “जूनमध्ये त्याचं प्रशिक्षण मीच घेतलं होतं. मुलांना जवळ घेऊन, विश्वासात घेऊन विचारा, म्हणजे ती खरं सांगतात, असं मी सांगितलं होतं. तो अर्ज कशासाठी आहे, हे मी वर विचारलं नव्हतं.”

सगळ्या जगावर शंका घेणारी मी. तो कागद मात्र सरकारी शिक्क्याचा होता, म्हणून मी तो वाटून मोकळी झाले होते.

“किती जणांनी भरलाय?” मी तुकडीला विचारलं.

हात वर व्हायला लागले. एकतीस मोजले, मग मोजायचं थांबवलं.

“परत मागवता येतील का?” दोनाताईंनी मला विचारलं. दवाखान्यात चुकीचं औषध गेलेलं कळल्यावर विचारावं, तसा आवाज होता.

“मी आज लेखी मागणार आहे,” मी म्हणाले. “पण पाठवलेले कागद परत आल्याचं माझ्या नोकरीत मी पाहिलेलं नाही.”

त्यांनी मान हलवली. मग पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसल्या आणि चाळीस शिक्षकांकडे एकेक करून बघितलं.

“मग सोमवारी शाळेत गेलात की आधी त्या मुलांना सांगा,” त्या म्हणाल्या. “आईनं सांगू नको म्हटलं असेल, तर बाईंनी विचारलं तरी सांगायचं नाही.”

चाळीसही जणांनी ते वहीत उतरवून घेतलं.